बशीला चिकटलेला कप

तुर्कस्तानातल्या आयवालिक गावच्या वरच्या आळीतल्या बायका घरातून निघताना सांगत की साबिहाकडे कॉफी प्यायला चाललो आहोत. खरं सांगायचं तर कॉफीत साबिहाचा हात काही विशेष नव्हता. फेस कधी जमायचा, कधी बसायचा. बायका येत त्या कॉफी संपल्यानंतर जे व्हायचं त्यासाठी. शेवटचा घोट झाला की कपावर बशी झाकायची, मनात इच्छा धरायची, दोन्ही एकदम उलटे करायचे आणि कप गार होईपर्यंत शेजारणीच्या सुनेविषयी बोलायचं. माणसाची काळजी असेल तर पालथ्या कपाच्या बुडावर अंगठी ठेवायची, पैशाची असेल तर नाणं. मग साबिहा डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं चष्मा पुसून कप उचलायची, आतल्या पांढऱ्या भिंतीवरून ओघळलेला काळा गाळ उजेडाकडे धरायची आणि बोलायला लागायची.

कप तिच्या सासूचे. कुताह्याच्या भट्टीतले, बोटभर उंचीचे, बाहेरून निळी नक्षी आणि आतून कोरे पांढरे. बाजारात आतूनही फुलं काढलेले कप मिळायला लागले तेव्हा साबिहानं नाक मुरडलं होतं. गाळ कुठला आणि फूल कुठलं हे कळणार कसं, असं तिचं म्हणणं. सहापैकी एकाचा कान तुटला होता आणि तो कप ती स्वतःसाठी ठेवायची, कारण पाहुण्याच्या हातात तसला कप देणं म्हणजे त्याला दार दाखवणं. कॉफीबरोबर पाण्याचा पेला यायचा. पाहुण्यानं आधी पाण्याला हात लावला की तो उपाशी आहे हे ओळखून साबिहा काही न बोलता आत जाऊन पाव आणि चीज घेऊन यायची.

कपात तिला काही दिसायचं का? नाही. हे मी सरळच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. सासूनं तिला शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "कप बघू नकोस, बाई बघ." समोरची बाई कपाची बशी कशी धरते, प्रश्न विचारताना कुठे बघते, गालावर रंग आहे की नाही, हे साबिहा बघायची. पोरगी लाजत असली तर गाळात पक्षी निघायचा. नवऱ्याचं दुकान बसलेलं असलं तर मासा निघायचा, कारण मासा म्हणजे बरकत. आणि काहीही निघालं तरी ते तीन वेळांत व्हायचं. तीन वेळा म्हणजे तीन दिवस समजा, तीन आठवडे समजा, नाहीतर तीन महिने. इतकं सोयीचं पंचांग दुसरं कुठलं नसेल.

एक नियम मात्र सासूनं तिच्याकडून पक्का करून घेतला होता. कपात मरण कधी सांगायचं नाही. वाटलं तरी गिळायचं. माणसं हसत आली आहेत, हसत गेली पाहिजेत. साबिहानं तो नियम आयुष्यभर पाळला आणि त्यानंच तिचा घात केला.

समोरच्या घरात नाझिरे राहायची. दोघी एकाच उन्हाळ्यात या आळीत सुना म्हणून आल्या. गल्ली इतकी अरुंद की एकीच्या खिडकीतून दुसरीच्या खिडकीत मिठाची वाटी देता यायची, आणि ती दिलीही जायची. साबिहा मऊ, सगळ्यांना हो म्हणणारी. नाझिरे तिखट. भाजीवाल्यापासून इमामाच्या बायकोपर्यंत तिनं कुणाची भीड ठेवली नाही. साबिहाचा नवरा तरुणपणीच छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा चाळीस दिवस नाझिरेनं तिला चुलीला हात लावू दिला नाही. रोज स्वतः डबा घेऊन यायची आणि वर दरडावायची, "खा. तू उपाशी राहिलीस म्हणून तो काही उठून बसणार नाही."

साबिहाची एकुलती एक मुलगी एमेल आणि नाझिरेचा एकुलता एक मुलगा तुर्हान. दोघांचं जमलं तेव्हा आळीत कुणाला नवल वाटलं नाही. तरी रीत म्हणून नाझिरे आणि तिचा नवरा वेहबी गल्ली ओलांडून, मिठाईचा डबा घेऊन, जणू परगावाहून आल्यासारखे मागणी घालायला आले. एमेलनं सगळ्यांना कॉफी केली आणि नवऱ्या मुलाच्या कपात साखरेच्या जागी मीठ घातलं. मुलाचा धीर बघायला सगळ्याच मुली घालतात. चिमूटभर घालायचं असतं, हिनं चमचा भरून घातलं. तुर्हान एका दमात प्यायला, पापणी लववली नाही आणि कप खाली ठेवून म्हणाला, "अजून आहे का?" वेहबी हसता हसता खोकायला लागला. नाझिरे म्हणाली, "घरी आल्यावर हंडाभर पाणी पिईल बघा हा शहाणा."

लाल फितीनं बांधलेल्या दोन अंगठ्या दोघांच्या उजव्या हाताच्या बोटांत गेल्या, फीत कापली आणि महिन्याभरात तुर्हान मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून निघून गेला. दोन फेऱ्या करायच्या, घर सजवायला पैसे जमवायचे आणि मग लग्न, असं ठरलं होतं.

दुसऱ्या फेरीत, ऐन हिवाळ्यात, जहाज दूर फ्रान्सकडच्या बिस्केच्या समुद्रात बुडालं. काही जणांची प्रेतं किनाऱ्याला लागली. तुर्हानचं लागलं नाही. कंपनीनं कळवलं, तो बेपत्ता आहे. मेला असं कुणी म्हटलं नाही. नाझिरेनं तेवढंच धरलं.

त्या आठवड्यात ती साबिहाकडे आली ती केस न विंचरता. स्वतःच कॉफी केली, उभ्यानं प्यायली, कप पालथा घातला आणि हातातली लग्नाची अंगठी काढून त्याच्या बुडावर ठेवली. "बघ," म्हणाली.

साबिहानं कप उचलला. तिनं नेहमीप्रमाणे गाळाकडे डोळे लावले आणि बघितलं नाझिरेकडे. त्या बाईचा सगळा जीव डोळ्यांत आला होता. इथे चुकीचा एक शब्द निघाला तर ही इथेच कोसळेल, असं साबिहाला वाटलं. मला विचाराल तर कोसळू द्यायला हवं होतं, धरायला आम्ही सगळ्या होतो. पण साबिहाची जीभ रेटेना.

"रस्ता आहे," ती म्हणाली. "लांबचा रस्ता. टोकाला एक माणूस आहे. पाठमोरा आहे, पण उभा आहे."

"उभा आहे?"

"उभा आहे."

"किती वेळांत?"

"तीन," साबिहा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

नाझिरेनं अंगठी बोटात घातली, घरी गेली आणि केस विंचरले.

तीन दिवस गेले, तीन आठवडे गेले, तीन महिने गेले. नाझिरे दर शुक्रवारी येत राहिली. साबिहा तिला कधी पक्षी दाखवायची, कधी बंद दार, कधी दाराशी आलेला पण अजून न ठोठावणारा माणूस. एकदा घातलेला टाका उसवता येत नव्हता. नाझिरेनं मुलाची खोली झाडून ठेवली, त्याचे लोकरीचे मोजे दर हिवाळ्यात उन्हाला घातले. कुणी सांत्वनाला आलं तर दारातूनच वाटेला लावायची. "कुणाचं सांत्वन? आमच्याकडे कुणी गेलेलं नाही."

वेहबी बिचारा नावांची डागडुजी करणारा माणूस. बोलणं कमी, हातांना सदा डांबराचा वास. त्यानं एकदाच विषय काढला. साबिहा तेव्हा तिथेच बसलेली होती. तो म्हणाला, "नाझिरे, पोराच्या नावानं दुवा पढवून घेऊ या का? रव्याचा हलवा करू, चार माणसं बोलावू."

"जिवंत माणसाच्या नावानं?" नाझिरे म्हणाली. "साबिहानं कालच बघितलंय. विचार तिला. सांग गं."

वेहबीनं साबिहाकडे बघितलं. फार शांतपणे बघितलं, रागानं नाही. साबिहानं मान खाली घालून "आहे, रस्ता आहे" असं काहीतरी पुटपुटलं. वेहबी "बरं" म्हणाला आणि टोपी घालून धक्क्यावर निघून गेला. त्यानंतर साबिहानं त्याच्या नजरेला नजर दिली नाही. समोरून येताना दिसला की ती दुकानात शिरायची, काही घ्यायचं नसलं तरी.

मग देशातून कॉफीच नाहीशी झाली. परकीय चलन नाही म्हणे, बाहेरून माल येत नाही. तेलाला रांग, गॅसला रांग आणि कॉफीला तर रांगही नाही. बायका हरभरे भाजून, दळून, त्याची कॉफी करायला लागल्या. रंग बरा यायचा, चवीची गोष्ट काढू नये. पण हरभऱ्याचा गाळ कपाला धरत नाही. कप उलटा केला की सगळा लगदा धपकन बशीत पडतो आणि भिंती कोऱ्या राहतात. सगळी आळी कॉफीच्या नावानं हळहळत होती, एकट्या साबिहाचा जीव भांड्यात पडला होता. नाझिरेनं कप पुढे केला की ती म्हणायची, "हरभऱ्यात काही दिसत नाही गं." आणि नाझिरे मान डोलवायची. खरी कॉफी येईपर्यंत तिचा मुलगा रस्त्याच्या टोकाला पाठमोरा उभा राहिला.

त्यातल्याच एका हिवाळ्यात वेहबी गेला. झोपेत गेला, कुणाला त्रास न देता. त्याच्या नावानं दुवा झाली, हलवा झाला. नाझिरे सगळ्यांना सांगत होती, "पोराची वाट बघत गेला हो." साबिहा हलवा वाटत होती, स्वतः मात्र तिनं चमचाही उचलला नाही.

एमेल आता अठ्ठावीसची झाली होती. शिवणकाम करायची, ऑलिव्हच्या तेलाच्या गिरणीतल्या साहेबांच्या बायका तिच्याकडेच कपडे टाकायच्या. उजव्या हातात साखरपुड्याची ती अंगठी होतीच. शिवताना टोचायची, तरी काढायची नाही. एद्रेमितला औषधाचं दुकान असलेला नेजदेत नावाचा माणूस आपल्या आईचे कपडे टाकायला दोनदा आला, मग आईचं काही नसतानाही यायला लागला. एक दिवस संध्याकाळी एमेल मशिन थांबवून म्हणाली, "आई, तो मला विचारतोय."

साबिहाला आनंद झाला आणि पाठोपाठ तिनं समोरच्या खिडकीकडे बघितलं.

"तुझं काय म्हणणं?"

"मला तो आवडतो." एमेल खाली बघत होती. "तुर्हानला आठवायला जाते ना, तेव्हा मला त्याचा फोटो आठवतो. तो आठवत नाही. किती दिवस झाले, आवाज पण आठवत नाही."

"मग हो म्हण."

"अशी कशी म्हणू? नाझिरेमावशी रोज खिडकीतून मला 'माझी सून' म्हणून हाक मारते. मी तिच्या समोरून दुसऱ्याची होऊन जाऊ? ती अंगठी तिनं घातलीय, तिनं काढल्याशिवाय मी काढणार नाही. नेजदेत थांबायला तयार आहे, पण त्याची आई नाही. या थंडीच्या आत हो की नाही ते सांगायचंय."

"मी बोलते तिच्याशी. हळूहळू."

"हळूहळू?" एमेल कधी आवाज चढवायची नाही, आताही चढवला नाही. "आई, त्या रस्त्यावर त्याला तू उभं केलंस. तूच त्याला खाली बसव. माझी तिशी आली."

साबिहा कितीतरी दिवस झुरत राहिली. खरं सांगावं तर नाझिरे म्हणणार, लेकीला स्थळ आलं म्हणून माझ्या पोराला मारतेस. न सांगावं तर पोटची पोर खिडकीशी बसून म्हातारी होणार. मध्येच तिला वाटे, हरभऱ्याची कॉफी आहे तोवर निभेल. पण नेजदेतच्या आत्याला कुठलं हे माहीत? ती जर्मनीत, कारखान्यात नोकरीला. सुट्टीवर येताना तिनं भाच्याच्या होणाऱ्या सासूसाठी म्हणून खऱ्या कॉफीच्या भाजलेल्या बियांचं पाकीट आणलं आणि नेजदेतनं ते एमेलच्या हाती दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साबिहानं पितळी हातजात्यात थोड्या बिया घातल्या. दांडा फिरवायला लागली आणि वास सुटला. दोन वर्षांनी सुटला. खिडक्या उघडायला लागल्या. बोलावणं धाडायची गरजच पडली नाही, नाझिरे चपला नीट न घालताच दारात हजर.

"माझ्या नाकाला वेड लागलंय की ही खरी आहे?"

"खरी आहे. बस."

"कुणी आणली?"

"एमेलच्या ओळखीचे आहेत कुणी," साबिहा म्हणाली आणि भांड्याकडे वळली.

फेस त्या दिवशी असा जमला की साबिहालाच आश्चर्य वाटलं. नाझिरेनं डोळे मिटून पहिला घोट घेतला. "अल्ला त्या माणसाचं भलं करो," म्हणाली. ती घोट घोट थांबून पीत होती. मग तिनं सवयीनं बशी झाकली, ओठ हलवले, कप उलटा केला, अंगठी काढून त्याच्यावर ठेवली. दोघी बसून राहिल्या. नाझिरे कोळशाच्या भावाबद्दल बोलत होती. साबिहाला एक शब्द ऐकू येत नव्हता. आज सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. कप उचलायचा आणि सांगायचं, रस्ता रिकामा आहे. कपाच्याच तोंडून सांगायचं, म्हणजे निदान मैत्रीण तरी शिल्लक राहील. दारात एमेल हातात टाचण्यांची डबी घेऊन उभी होती, आत येत नव्हती आणि जातही नव्हती.

"गार झाला असेल," नाझिरे म्हणाली आणि अंगठी उचलून घेतली.

साबिहानं कप उचलला. बशी त्याच्याबरोबर वर आली.

कप बशीला घट्ट चिकटला होता. तिनं हलकेच हलवून बघितला. सुटेना. आमच्याकडे लहान पोरीलाही माहीत आहे की चिकटलेला कप उघडायचा नसतो. तो पैगंबराचा कप. त्यात बघायचं काही उरलेलं नसतं, कारण जे मागितलं ते मिळालेलं असतं. असा कप तसाच मोरीत नेऊन पाण्याखाली धरायचा आणि आभार मानायचे. साबिहाच्या उभ्या आयुष्यात असं दोन-तीनदाच झालं असेल.

नाझिरे उठून उभी राहिली. दोन्ही हात तोंडावर नेले. डोळ्यांतून धारा लागल्या आणि ती हसत होती. "येतोय," ती म्हणाली. "साबिहा, येतोय तो. मी सांगत नव्हते? एमेल, ये इकडे, पोरी, ये." तिनं एमेलला कवटाळलं, तिचा उजवा हात घेऊन अंगठीवर ओठ टेकले. एमेल खांबासारखी उभी होती. तिनं आईकडे बघितलं.

साबिहानं डाव्या हातात बशी धरली, उजव्यात कप आणि जोर लावून दोन्ही ओढून वेगळे केले. टक्कन आवाज झाला. गाळ तिच्या मांडीवर सांडला.

नाझिरेचं हसू तसंच तोंडावर राहिलं होतं. "हे काय केलंस तू?"

"तुर्हान गेला, नाझिरे."

"चिकटलेला कप उघडलास?"

"गेला तो. जहाज बुडालं त्याच दिवशी गेला."

नाझिरे खाली बसली. तिनं साबिहाच्या हातातल्या कपाकडे बघितलं, मग टेबलावरच्या पाकिटाकडे. त्याच्यावर जर्मन अक्षरं होती. मग एमेलकडे. तिखट बाई होती, मूर्ख नव्हती.

"कुणाचं स्थळ आलंय?" तिनं विचारलं.

"एद्रेमितच्या नेजदेतचं. औषधाचं दुकान आहे त्याचं."

"आणि ही कॉफी त्यांच्याकडची."

"हो."

"म्हणून माझ्या पोराचं मरण आज दिसलं तुला कपात."

"हो" म्हटलं असतं तर सुटली असती साबिहा. नाझिरे चिडली असती, शिव्या दिल्या असत्या, वर्षभरानं बोलायलाही लागली असती. पण मांडीवरचा गाळ कापडातून झिरपत होता आणि साबिहाच्या मनात आता खोट्याला जागा राहिली नव्हती.

"मला कपात काही दिसत नाही," ती म्हणाली. "आज नाही आणि कधीच नाही. माझ्या सासूलाही दिसायचं नाही."

"रस्ता म्हणालीस."

"मी म्हणाले."

"टोकाला उभा आहे म्हणालीस. पाठमोरा."

"तेही मीच म्हणाले. तुझा चेहरा बघून म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही गं. तू पडशील असं वाटलं."

 नाझिरे अंगठी बोटात घालायला गेली, ती जाईना, थंडीनं की कशानं बोटं सुजली होती. शेवटी मुठीत धरून उठली. दाराशी एमेल आडवी होती, तिला हातानं बाजूला केलं, रागानं नाही, दार अडवणाऱ्या खुर्चीला करतात तसं, आणि गल्ली ओलांडून घरात गेली. तिची खिडकी बंद झाली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच बंद दिसली.

पुढच्या आठवड्यात आळीतल्या बायकांनी साबिहाकडे जाणं टाकलं. कुणी तोंडावर बोललं नाही. चिकटलेला कप फोडल्यासारखा उघडते आणि वर मरण सांगते, अशा बाईच्या हातात आपला कप कोण देणार? खरी कॉफी पाकिटात तशीच राहिली.

मग एका सकाळी नाझिरेची खिडकी उघडली. तिनं एमेलला हाक मारली, नावानं मारली, सून म्हणून नाही. एमेल गेली. नाझिरेनं तिचा हात घेतला, साबणाचं पाणी लावलं आणि अंगठी काढून घेतली. बोटावर पांढरा वळ होता, त्यावरून अंगठा फिरवला. "उन्हात हात धर थोडे दिवस," म्हणाली. "जाईल." एमेल तिच्या गळ्यात पडून रडली. नाझिरे रडली नाही, तिच्या पाठीवर थोपटत राहिली. "रड, रड," म्हणत होती, "तुला कुणी नाही म्हणणार नाही."

त्याच शुक्रवारी तिनं तुर्हानच्या नावानं दुवा ठेवली. इमामाला सांगितलं, आळीत निरोप धाडले. साबिहाला निरोप आला नाही. रवा भाजल्याचा वास मात्र गल्लीतून आला आणि साबिहाला घरात बसवेना. ज्या बाईनं आपल्या दुःखात चाळीस दिवस चूल सांभाळली, तिच्या चुलीपाशी आज आपण नाही, हे काही तिला सोसेना. बोलावणं नव्हतं तरी ती गेली.

स्वयंपाकघरात बायका चुलीभोवती जमल्या होत्या. दुवेचा हलवा एका हातानं भाजायचा नसतो. लाकडी पळी एकीकडून दुसरीकडे जाते, प्रत्येक बाई चार वळसे ढवळते, गेलेल्याचं नाव घेऊन ओठांतल्या ओठांत काही म्हणते आणि पळी पुढे देते. साबिहा दाराशी थांबली. ढवळणारीची पळी थांबली. नाझिरेनं वर बघितलं. "आलीस तर कॉफीचं बघ," म्हणाली. "लोक बसलेत."

साबिहानं हरभऱ्याची कॉफी केली. साखर न घालता केली, अशा घरात गोड हवी की कडू हे कुणाला विचारायचं नसतं. कप भरले, पोचवले, रिकामे परत आणले आणि लगेच धुऊन टाकले. आतून इमामाचा आवाज सुरू झाला तशा बायका एक एक करून बाहेरच्या खोलीत गेल्या. चुलीपाशी दोघीच उरल्या. नाझिरे ढवळत होती. रवा तांबूस झाला होता.

"नाझिरे," साबिहा म्हणाली, "मला माफ कर."

नाझिरे ढवळत राहिली. मग बोलायला लागली. तिचा आवाज साधा होता, बाजारातलं काहीतरी सांगावं तसा.

"वेहबी कामावरून आला की हातपाय धुवायला न्हाणीत जायचा. जहाज बुडालं त्या वर्षापासून त्याला तिथे फार वेळ लागायला लागला. नळ सोडून ठेवायचा. एकदा मी दाराला कान लावला. रडत होता. मोठा माणूस, तोंडात फडकं कोंबून रडत होता. मी दार ठोकलं. म्हटलं, बाहेर ये. म्हटलं, मेलेल्यासाठी रडतात, तू कुणासाठी रडतोस? माझ्या पोराचं अशुभ करतोस? साबिहानं रस्ता बघितलाय आणि तू बाप असून त्याला पुरतोस?"

साबिहा भिंतीला टेकली.

"बाहेर आला. तोंड धुतलेलं होतं. मला म्हणाला, चुकलं माझं." नाझिरेनं पळी भांड्याच्या कडेवर आपटली आणि पुन्हा ढवळायला लागली. "त्यानंतर तो माझ्यासमोर कधी रडला नाही. मरेपर्यंत नाही. दोन वेळा मी म्हटलं असेन, बघ, आता कसा शहाणा झालास. मुलगा गेलेला माणूस, साबिहा. माझ्याशेजारी झोपायचा. आणि त्याला रडायला घर नव्हतं."

बाहेरून आमीन ऐकू आलं. रवा बुडाला लागायला आला होता, आता पाक ओतायला हवा होता. दोघी मिळून करायचं काम ते, एकीनं ओतायचं आणि दुसरीनं ढवळायचं. साबिहानं डोळे पुसले आणि पळीसाठी हात पुढे केला.

नाझिरेनं पळी दिली नाही. डाव्या हातानं पाकाचं भांडं उचललं, वाफेत तोंड बाजूला केलं आणि एकटीनंच ओतलं.